ओपन सोर्समधलं योगदान: प्रोग्रॅमरच्या पदरात नेमकं काय पडतं?

ओळवाचक (धागाकर्ता)

"ओपन सोर्समध्ये योगदान दे, बायोडाटा वजनदार होतो" हा सल्ला इतका सरसकट दिला जातो की त्याचा अर्थच हरवला आहे. (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर.) मग कोणीतरी रीडमी फाइलमधला एक स्वल्पविराम बदलून पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल घेण्याची विनंती) पाठवतो, ती बंद होते आणि विषय तिथेच संपतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या वार्षिक उपक्रमाच्या वेळी याचा कडेलोट झाला. चार पीआर केल्या की टी-शर्ट, म्हणून निरर्थक पीआरचा असा पूर आला की आठवड्याभरातच आयोजकांना नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तरच तिथली पीआर मोजायची. टी-शर्टचा मोह लहान होता. त्या पीआर वाचून बंद करण्यात मेंटेनर लोकांचे (प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे) जे तास गेले ते लहान नव्हते.

म्हणून या धाग्यात फायद्याचा नीट हिशेब मांडू या. माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई एकच: आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला आपला बदल निर्धास्तपणे घेता येईल, अशा रूपात तो मांडायला शिकणं.

नोकरीत हे शिकायला मिळतंच असं नाही. रिव्ह्यू करणारा शेजारी बसतो, स्प्रिंट संपत आलेला असतो, आणि "चालतंय ना, मग घे" यावर काम भागतं. मेंटेनरवर असं कुठलंच दडपण नसतं. उलट एकदा मर्ज केलं, म्हणजे बदल प्रकल्पात घेतला, की तो कोड पुढची कित्येक वर्षं त्याच्या गळ्यात असतो, आणि लिहिणारा तोवर निघून गेलेला असतो. त्यामुळे तो जे प्रश्न विचारतो ते मुळावर घाव घालणारे असतात. हे फंक्शन आधीपासून वापरणाऱ्यांचा कोड मोडेल का? विंडोजवर पाथचा तिरका दंड उलटा असतो, तिथे काय होईल? रिकामी यादी आली तर? वेग वाढला म्हणता, पण मोजमाप कुठे आहे? आणि सगळ्यात अवघड: हा बदल या प्रकल्पात यायलाच का हवा?

या पाच प्रश्नांची उत्तरं पीआर पाठवण्याआधी लिहून काढायची सवय लागली की नोकरीतला कोडही बदलतो. जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी. प्रकल्प कसा निवडायचा, पॅच (पाठवायचा बदल) कसा बांधायचा, कुठे गाडं अडतं, हे सगळं नेमकेपणाने आलं तर धागा उपयोगी होईल.

मूळस्रोत

निवडीपासून सुरुवात करतो, कारण निम्मे प्रयत्न इथेच वाया जातात.

"प्रसिद्ध प्रकल्पांची यादी" शोधू नका. आपल्या कामातल्या प्रोजेक्टची डिपेंडन्सी फाइल (वापरलेल्या लायब्ऱ्यांची यादी) उघडा. त्यात नाव असलेली प्रत्येक लायब्ररी हा उमेदवार आहे, कारण तिथलं वागणं तुम्हाला वापरणारा म्हणून आधीच माहीत आहे. त्यातही जिथे तुम्ही एखाद्या बगला वळसा घालणारा कोड लिहिला असेल ती पहिली. तो वळसा म्हणजेच तयार इश्यू (प्रकल्पाकडे नोंदवायची अडचण).

मग ती लायब्ररी जिवंत आहे का ते पाहा. शेवटचं कमिट (नोंदवलेला बदल) कधीचं हे पाहून भागत नाही, कारण डिपेंडन्सी वाढवणारे बॉट रोज कमिट करत असतात. बंद झालेल्या पीआर उघडा आणि मर्ज झालेल्यांपैकी बाहेरच्या माणसांच्या किती ते मोजा. शेवटच्या वीस पीआरमध्ये बाहेरची एकही नसेल, तर तो प्रकल्प कोड दाखवतो, पण हात घेत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस याचं उघड उदाहरण: कोड सार्वजनिक मालकीचा आहे, पण बाहेरचे पॅच सहसा घेतले जात नाहीत, आणि हे त्यांनी स्वतःच्या साइटवर स्पष्ट लिहिलं आहे. त्यात चूक काही नाही, फक्त आपण आधी वाचायला हवं.

काम कुठे चालतं हेही बघा. काही प्रकल्पांची गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर नुसती प्रत असते आणि खरी चर्चा दुसरीकडे. लिनक्स कर्नलचे पॅच ईमेलने जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसचे पॅच हॅकर्स मेलिंग लिस्टवर जातात आणि कमिटफेस्टमध्ये (पॅच तपासण्याच्या फेरीत) नोंदवले जातात. तिथे गिटहबवर पीआर टाकली तर ती कोणी वाचणार नाही.

आणि कंपनीला हे का परवडतं असं मॅनेजरने विचारलं, तर उत्तर हिशेबाचं आहे. लायब्ररीत स्वतःपुरता पॅच लावून ठेवला की तिच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो पुन्हा बसवावा लागतो, कॉन्फ्लिक्ट सोडवावे लागतात, पुन्हा तपासावं लागतं. कधीतरी कोणीतरी कंटाळून आवृत्ती वाढवणंच थांबवतो आणि मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही येईनाशा होतात. तोच पॅच अपस्ट्रीमला (मूळ प्रकल्पात) मर्ज झाला की हा वारंवारचा खर्च संपतो.

नवी_ओळ

प्रकल्प निवडला, क्लोन केला (सगळा कोड मशीनवर उतरवला), आणि समोर दोन हजार फाइली. इथून पुढे कसं जायचं? "गुड फर्स्ट इश्यू" लेबल असलेल्या इश्यूंवर आधीच पंधरा जणांनी "मला द्या" लिहिलेलं असतं.

कंसपूर्ती

नवी_ओळ, ते लेबल सोडून द्या. चांगला पहिला बग सहसा त्या लेबलखाली नसतो. तो "कन्फर्म्ड" किंवा "नीड्स टेस्ट" अशा लेबलांखाली, सहा महिने जुना, कोणाला पुन्हा घडवून दाखवता न आलेला असा पडून असतो. पण आधी कोड वाचण्याचं बघू.

क्लोन करताना वेळ वाचवण्यासाठी अनेक जण डेप्थ एक देतात. त्याने फक्त शेवटचं कमिट येतं, आणि मग ब्लेम (ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारी गिटची आज्ञा) निरुपयोगी आणि बायसेक्टही (बिघाड आणणारं कमिट शोधणारी आज्ञा). इतिहास हेच तर मोठ्या कोडचं खरं दस्तावेजीकरण. रेपो (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) फार मोठा असेल तर क्लोनला "फिल्टर बरोबर ब्लॉब नन" हा पर्याय द्या. त्यात सगळी कमिट येतात, फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हाच खाली उतरतो. उथळ क्लोन आधीच केला असेल तर फेचला अनशॅलो पर्याय देऊन तो पूर्ण करता येतो.

एकही ओळ न बदलता आधी बिल्ड करा आणि सगळ्या टेस्ट चालवा. न बदललेल्या कोडवर चार टेस्ट पडत असतील तर त्यांची नावं लिहून ठेवा, नाहीतर नंतर त्या आपल्याच बदलाने पडल्या असं वाटून दिवस जातो. अशा टेस्ट पडण्याची नेहमीची कारणं ठराविक असतात: भाषेची किंवा कंपायलरची आवृत्ती वेगळी, टाइमझोन, लोकेल, किंवा नेटवर्क लागणाऱ्या टेस्ट. सीआयची (बदल आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेची) कॉन्फिग फाइल उघडून तिथे कुठली आवृत्ती वापरली आहे ते पाहा आणि तीच घ्या. रीडमीमधल्या सूचना जुन्या असू शकतात. सीआयची फाइल मात्र रोज चालते, म्हणून ती खरी.

मग वरून खाली वाचत बसू नका. बगमध्ये दिसणारा एरर मेसेज ग्रेप करा, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शोधा. तो जिथून फेकला जातो तिथे ब्रेकपॉइंट लावा, टेस्ट चालवा आणि कॉल स्टॅक बघा. दोन हजार फाइलींपैकी तुमच्या कामाच्या सात-आठ तिथेच दिसतात.

एखादी ओळ अशी विचित्र का, असा प्रश्न पडला तर ब्लेम. नुसत्या ब्लेममध्ये फॉरमॅटिंगचं कमिट आडवं येतं, म्हणून मोकळ्या जागांचे बदल वगळणारा डब्ल्यू पर्याय द्या. ओळ आता कोडमध्येच नसेल तर गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन तो शब्द द्या: ज्या कमिटमध्ये तो शब्द आला किंवा गेला, तेवढीच दिसतील. त्या कमिटच्या संदेशात पीआरचा क्रमांक असतो आणि त्या पीआरमध्ये चर्चा. "हे असं का" याचं उत्तर दहातल्या आठ वेळा तिथे असतं, आणि तुम्ही सुचवणार असलेला उपाय कोणीतरी आधी सुचवून तो का नाकारला गेला हेही.

"आधी चालत होतं, आता चालत नाही" प्रकारच्या बगसाठी बायसेक्ट. चांगलं कमिट आणि वाईट कमिट दिलं की ते मधोमध फोडत जातं. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा पायऱ्यांत सापडतं. बायसेक्ट रनला छोटी स्क्रिप्ट दिली तर हेही आपोआप होतं: स्क्रिप्टने शून्य परत केलं तर चांगलं, एक परत केलं तर वाईट, आणि ते कमिट बिल्डच होत नसेल तर १२५, म्हणजे "हे वगळ". हा १२५ विसरला की न बिल्ड होणारी कमिट "वाईट" धरली जातात आणि भलत्याच माणसाच्या कमिटवर आळ येतो.

बायसेक्टचा निकाल इश्यूत टाकणं हेच एक पूर्ण योगदान आहे. कोड न लिहिता. मेंटेनरचा अर्धा दिवस वाचतो.

तळटीप

कंसपूर्ती, शेवटच्या ओळीला +१.

पॅच बांधण्यात कुठे चुका होतात ते लिहिते, कारण पहिल्या पीआरचा निकाल बहुतेक वेळा कोडच्या दर्जाआधी तिच्या आकारावर लागतो.

एडिटर फाइल सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करतो. तुम्ही तीन ओळी बदलल्या, डिफमध्ये चारशे दिसतात. विंडोजवर ओळीच्या शेवटची चिन्हं बदलून पूर्ण फाइलच लाल-हिरवी होते. रिव्ह्यू करणाऱ्याला त्यातून तुमच्या तीन ओळी शोधता येत नाहीत आणि तो पान बंद करतो. उपाय: त्या रेपोपुरतं ऑटोफॉरमॅट बंद करा, ऑटो-सीआरएलएफचं सेटिंग तपासा, आणि कमिट करताना गिट ॲडला पी पर्याय द्या. तो एकेक तुकडा दाखवून "हा घेऊ का" विचारतो. भटकून आलेला प्रिंट, लॉक फाइलमधला नकळत बदल, एडिटरचं फोल्डर, हे सगळं तिथेच सापडतं.

फोर्कच्या (आपल्या खात्यातल्या रेपोच्या प्रतीच्या) मेन ब्रँचवर काम करू नका. पहिली पीआर पडून असताना दुसरी सुरू केली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच, आणि ती नेहमी ताज्या अपस्ट्रीमवरून फोडलेली. मूळ रेपो "अपस्ट्रीम" नावाने रिमोट म्हणून जोडा. पाठवण्याआधी तो फेच करा आणि आपली ब्रँच त्याच्या मेनवर रिबेस करा, म्हणजे आपली कमिट तिथल्या ताज्या कमिटनंतर पुन्हा मांडा. रिबेसनंतर पुश करताना साधा फोर्स न वापरता "फोर्स विथ लीज" वापरा. दरम्यान मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर काही दुरुस्त केलं असेल तर साधा फोर्स ते पुसून टाकतो, लीजवाला नकार देतो. मात्र मध्ये नुसतं फेच केलं असेल तर लीजलाही फसायला होतं, कारण तो तुमच्याकडच्या शेवटच्या नोंदीशी तुलना करतो.

एक पीआर, एक काम. दुरुस्ती करता करता शेजारच्या फंक्शनचं नाव खटकलं, तर ते वेगळ्या पीआरमध्ये. मर्ज झालेली दुरुस्ती कधी मागे घ्यावी लागली तर नाव बदलण्याचं कामही तिच्याबरोबर मागे जाऊ नये, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

टेस्ट आधी लिहा आणि ती दुरुस्तीशिवाय पडते हे स्वतः पाहा. दुरुस्तीआधीही पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही, आणि अनुभवी रिव्ह्यूअर ती नेमकी अशीच तपासतो: दुरुस्ती काढून टाकून.

कमिटचा संदेश: पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग ७२ अक्षरांवर मोडलेला मजकूर. "काय बदललं" डिफमध्ये दिसतंच. संदेशात "का" हवं: बग कुठल्या परिस्थितीत येतो, मूळ कारण काय, हाच उपाय का निवडला, दुसरा का सोडला. रिव्ह्यूनंतर "फिक्स", "फिक्स पुन्हा", "आता नक्की फिक्स" अशी कमिट साचतात. त्याऐवजी फिक्सअप पर्यायाने कमिट करा आणि शेवटी इंटरॅक्टिव्ह रिबेसला ऑटोस्क्वॅश द्या, ती आपापल्या जागी विरघळतात. मात्र रिव्ह्यू चालू असताना मध्येच स्क्वॅश केलं (कमिट एकत्र केली) तर "मागच्या वेळेपासून काय बदललं" हे पाहता येत नाही, म्हणून आधी प्रकल्पाची पद्धत वाचा. काही ठिकाणी मर्ज करतानाच स्क्वॅश होतं, तिथे हा खटाटोप लागतच नाही.

आणि गिटहबवर पहिलीच पीआर असेल तर सीआय आपोआप सुरू होत नाही, मेंटेनरने मंजुरी द्यावी लागते. क्रिप्टो मायनिंगसाठी सीआयचा गैरवापर होऊ लागल्यावर २०२१ मध्ये ही अट आली. म्हणून "सीआय चालत नाहीये" अशी कॉमेंट टाकू नका. त्याच तपासण्या आपल्या मशीनवर चालवून निकाल वर्णनात लिहा.

रात्रपाळी

सगळं पटतं, पण मूळ हिशेबात एक बाजू सुटली आहे. हे फुकटचे श्रम आहेत आणि त्यावर मोठ्या कंपन्या चालतात. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेची फट उघड झाली तेव्हा काय दिसलं? इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर विसंबून होते आणि ते सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग लिनक्स फाउंडेशनने कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह उभारलं आणि पैसे आले, पण घाव बसल्यावर. नवशिक्यांना "योगदान द्या" सांगताना हे सांगायला नको का?

ओळवाचक

रात्रपाळी, सांगायलाच हवं, आणि तुमचा मुद्दा मी खोडणार नाही. पण त्याच हार्टब्लीडकडे प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहा. समोरच्याने "माझ्या संदेशाची लांबी इतकी" असं सांगितलं आणि कोडने ते खरं धरून तेवढी मेमरी परत पाठवली. प्रत्यक्षात आलेला मजकूर त्याहून लहान होता, त्यामुळे शेजारच्या मेमरीतलं ६४ केबीपर्यंतचं काहीही बाहेर जाऊ शकत होतं. १.०.१जी आवृत्तीतल्या दुरुस्तीचा गाभा म्हणजे लांबीची तपासणी, आणि तो आजही कोणालाही वाचता येतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती तुम्हाला दिसलीच नसती. मोठ्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या ओळी-ओळीने वाचायला मिळणं हे शिक्षण दुसरीकडे नाही.

श्रमांबद्दल माझं मत असं: आपल्याला ज्यातून काही उमजतं तेवढंच फुकट करावं. एखादी कंपनी तिच्या विक्रीच्या उत्पादनासाठी तुमच्याकडून रात्री जागवून घेत असेल तर नाही म्हणा. इश्यूवर कोणी "कधी होणार, आम्हाला तातडीने हवं" लिहिलं, तरी तुम्ही त्याचे बांधील नाही. जवळपास प्रत्येक लायसन्समध्ये "कुठलीही हमी नाही" हे वाक्य असतं, आणि ते मेंटेनरइतकंच तुमचंही संरक्षण करतं.

निळी_शाई

लायसन्सचा विषय निघालाच आहे तर कायदेशीर बाजू. इथे झालेली चूक नंतर सुधारता येत नाही.

पहिला कागद तुमचा नोकरीचा करार. अनेक करारांत नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं कंपनीचं, असं कलम असतं. कधी ते कामाच्या वेळेपुरतं असतं, कधी कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित सगळ्याला लागू. ते वाचा, आणि शंका असेल तर प्रकल्पाचं नाव घालून लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार मॅनेजर बदलला की नाहीसा होतो.

कारण पुढे तुम्ही सही करणार आहात. कर्नलमध्ये आणि इतर बऱ्याच प्रकल्पांत कमिटच्या शेवटी "साइन्ड-ऑफ-बाय" ओळ लागते. कमिट करताना छोट्या एसचा पर्याय दिला की ती आपोआप लागते. ती शोभेची ओळ नव्हे. २००४ पासून कर्नल वापरत असलेल्या डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन या निवेदनाला तुम्ही तिच्यातून मान्यता देता: हा कोड देण्याचा मला हक्क आहे. कंपनीचा कोड परवानगीशिवाय दिला तर हे निवेदन खोटं ठरतं.

दुसरा प्रकार सीएलए, म्हणजे योगदानाचा करार. काही करारांत तुम्ही प्रकल्पाच्या मालकाला पुढे लायसन्स बदलण्याचा हक्कही देता. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे सर्व्हर उभारणीचं साधन एमपीएल या खुल्या लायसन्सवरून वापरावर मर्यादा घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर गेलं, आणि समुदायाने जुन्या कोडवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प काढला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसनेही लायसन्स बदललं, त्यातून वॅल्की निघालं. रेडिस आधी बीएसडी लायसन्सखाली होतं, आणि तशा सैल लायसन्सखाली बदलासाठी सीएलए लागतच नाही. म्हणजे सीएलए नाही म्हणून निर्धास्त राहू नका, लायसन्सही बघा. जीपीएल (बदललेला कोड वाटला तर तोही खुला ठेवायला लावणारं लायसन्स) याखालचा, अनेक मालक असलेला आणि सीएलए नसलेला कोड बंद करणं जवळपास अशक्य असतं, कारण प्रत्येकाची संमती लागते.

एक व्यवहारी गोष्ट: स्टॅक ओव्हरफ्लोवरचं उत्तर तसंच चिकटवू नका. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक (बदललेलं कामही त्याच अटींवर द्यायला लावणाऱ्या) लायसन्सखाली असतो आणि तो एमआयटी या सैल लायसन्सच्या प्रकल्पात सहज बसत नाही. कल्पना समजून घ्या, कोड स्वतः लिहा.

पायाभरणी

कोडशिवायच्या कामाबद्दल थोडं. दस्तावेज लिहिणं नवशिक्यासाठी सोपं, असा समज आहे. स्पेलिंग सुधारणं सोपं आहे. "हे फंक्शन नल मिळाल्यावर काय करतं" हे लिहायला कोड वाचून, चालवून बघावं लागतं. म्हणूनच ते मोलाचं.

आपल्या लोकांना सहज जमेल आणि इतरांच्या लक्षातच येणार नाही असं एक क्षेत्र आहे: मजकूर हाताळणारा कोड. "क्षि" हे वाचणाऱ्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार कोडपॉइंट (चिन्हांचे क्रमांक), आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. आता विचार करा, एखादी लायब्ररी शीर्षक २० "कॅरेक्टर"वर कापते. कापताना मात्रा सुटते, किंवा लोंबता हलन्त उरतो. बाइटवर कापत असेल तर मधोमध तुटून चौकोनच दिसतो. सप्टेंबर २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने ग्राफिम क्लस्टरच्या (वाचणाऱ्याला एक वाटणाऱ्या अक्षराच्या) नियमांत भर घातली आणि देवनागरीसारख्या लिपींतली जोडाक्षरं एकसंध धरली जाऊ लागली. त्याआधीच्या नियमाने "क्षि"चे दोन तुकडे होत. त्यामुळे जुन्या तक्त्यांवर चालणाऱ्या लायब्ऱ्या आजही वेगळं उत्तर देतात. टेक्स्ट एडिटर, टर्मिनल, टेबल छापणाऱ्या लायब्ऱ्या, शोधातला ठळक मजकूर, सगळीकडे हे बग पडले आहेत. सांगणाऱ्याने इश्यूत कोडपॉइंटची यादी, अपेक्षित निकाल आणि लायब्ररीची युनिकोड आवृत्ती दिली, तर लिपी न येणारा मेंटेनरही ते सोडवू शकतो. "मराठी नीट दिसत नाही" एवढंच लिहिलं तर कोणीच काही करू शकत नाही.

नवी_ओळ

एआयकडून पॅच लिहून घेतला तर चालतं का?

मूळस्रोत

प्रकल्पाचा नियम पाहा. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये असं योगदान घ्यायचं नाही असं ठरवलं, नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही त्याच वर्षी पूर्वपरवानगीची अट घातली. काही प्रकल्प घेतात, पण सांगायला लावतात. नियम नसेल तरी कसोटी एकच ठेवा: रिव्ह्यूमध्ये "ही ओळ का?" विचारलं तर यंत्राला न विचारता उत्तर देता येतं का? येत नसेल तर पाठवू नका. कर्ल (नेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचं साधन) प्रकल्पाच्या प्रमुखांनी २०२४ पासून जाहीरपणे लिहिलं आहे की एआयने रचलेले खोटे सुरक्षा अहवाल वाचण्यात त्यांच्या चमूचा किती वेळ जातो. असे अहवाल दिसायला व्यवस्थित असतात, म्हणून ते फेटाळायला जास्त वेळ लागतो.

कोड समजून घेण्यासाठी एआय खुशाल वापरा. पण मग या धाग्यातली मूळ कमाई, म्हणजे बदलाची बाजू मांडता येणं, ती तुमच्याच डोक्यातून यायला हवी.

कंसपूर्ती

सुरक्षेचा विषय आला म्हणून: खरी फट सापडली तर सार्वजनिक इश्यू उघडायचा नाही. रेपोत सिक्युरिटी नावाची फाइल असते, तिथला खाजगी मार्ग वापरायचा.

आणि मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाचं प्रकरण प्रत्येकाने अभ्यासावं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं गेलं होतं, आणि ते बसवणाऱ्या खात्याने आधी दोन वर्षांहून जास्त काळ बरीच साधी, उपयोगी कामं करून विश्वास कमावला होता. एकट्या थकलेल्या मेंटेनरवर २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर "नवा माणूस घ्या" असा दबावही आणला गेला. घातक बायनरी मजकूर टेस्टच्या फाइलींत दडवला होता, आणि तो जागा करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठीच्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. पकडलं कोणी? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर जास्त खातोय, एवढ्यावरून.

यातून योगदान देणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. बायनरी टेस्ट फाइल जोडत असाल तर ती कशी तयार केली ती स्क्रिप्टही द्या. आणि मेंटेनर नव्या माणसाकडे संशयाने पाहत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका, त्याचं ते काम आहे.

रात्रपाळी

मान्य. मग नोकरीच्या दृष्टीने यातलं दाखवायचं काय? गिटहब प्रोफाइलवरचे कमिट मोजणारे हिरवे चौकोन?

तळटीप

चौकोन कोणी गंभीरपणे घेत नाही. त्यांचा हिशेबही अनेकांना माहीत नसतो: फोर्कमधली कमिट तिथे धरली जात नाहीत, मूळ रेपोच्या मुख्य ब्रँचमध्ये गेल्यावरच धरतात, आणि कमिटवरचा ईमेल खात्याशी जोडलेला नसेल तर तेव्हाही नाही. ईमेल उघड करायचा नसेल तर गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता कॉन्फिगमध्ये घाला, आणि तो पहिल्या कमिटआधीच. नंतर इतिहास बदलत बसावं लागतं.

बायोडाटात "ओपन सोर्स योगदान: ४२ पीआर" लिहू नका. दोन किंवा तीन पीआरचे दुवे द्या आणि प्रत्येकाखाली एक ओळ: बग काय होता, कारण काय निघालं. मुलाखत घेणारा दुवा उघडतो तेव्हा कोडपेक्षा खालची चर्चा वाचतो. मेंटेनरने आक्षेप घेतला तेव्हा तुम्ही काय लिहिलं, आपलं चुकलं हे मान्य केलं का, की आकडे देऊन आपली बाजू पटवली. नाकारली गेलेली पीआरसुद्धा दाखवण्यासारखी असू शकते, चर्चा चांगली झाली असेल तर.

आणि विद्यार्थी नसलेल्यांसाठी: गूगल समर ऑफ कोड (ओपन सोर्स संस्थांत मार्गदर्शनाखाली मानधनावर प्रकल्प करण्याचा कार्यक्रम) २००५ पासून चालू आहे, पण २०२२ पासून तो १८ वर्षांवरच्या इतर नवख्यांनाही खुला आहे. प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. प्रस्ताव पाठवण्याआधी त्या संस्थेच्या रेपोत दोन-तीन पॅच मर्ज झालेले असले तर प्रस्ताव वेगळ्या नजरेने वाचला जातो. म्हणून जाहिरात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

नवी_ओळ

शेवटचा प्रश्न. पीआर टाकली, टेस्ट हिरव्या आहेत, तीन आठवडे कोणी काही बोलत नाही. काय करायचं?

ओळवाचक

आधी रिलीजचं वेळापत्रक बघा. कर्नलमध्ये मर्ज विंडो (आधी तयार असलेले बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचा काळ) दोन आठवडे चालते, त्या काळात नवे पॅच बाजूला राहतात. कर्नलचं मार्गदर्शन सांगतं की आठवणीआधी किमान एक आठवडा थांबा. छोट्या, एकट्याने सांभाळलेल्या प्रकल्पात मी तीन-चार आठवडे धरेन.

मग एकदाच आठवण करा, आणि ती "काही अपडेट?" अशी नको. आपली ब्रँच ताज्या मेनवर रिबेस करा, कॉन्फ्लिक्ट सोडवा, टेस्ट पुन्हा चालवा आणि लिहा: "अमुक कमिटवर रिबेस केलं, टेस्ट पास आहेत. पहिल्या फाइलमधला बदल मुख्य आहे, बाकी दोन टेस्टच्या आहेत. मोठं वाटत असेल तर दोन पीआरमध्ये तोडून देऊ शकतो." कुठे पाहायचं ते सांगितलं की दहा मिनिटांच्या फावल्या वेळातही रिव्ह्यू होऊ शकतो.

तेवढ्यात त्याच रेपोतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पीआरचा रिव्ह्यू करा. ती ब्रँच खाली उतरवा, चालवा, "लिनक्सवर अमुक आवृत्तीवर तपासलं, रिकाम्या इनपुटवर एरर येतो, ही त्याची टेस्ट" असं लिहा. न चालवता नुसतं "छान दिसतंय" लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. रांगेतलं एक काम असं हलकं केलं की तुमची पीआरही पुढे सरकते.

त्यानंतरही महिनाभर शांतता असेल, तर "वेळ नसेल तर बंद करतो, ब्रँच इथे ठेवली आहे, कोणालाही घेता येईल" असं लिहून बंद करा. दुरुस्ती तुमच्या फोर्कवर आहेच, ती शोधत येणाऱ्याला सापडेल. आणि पुढची लायब्ररी घ्या.